आधी माझं सांग

हळद काढून झाली की मळ्यात चुलवाण पेटायचं. वर मोठी काहिल, तिच्यात हळकुंडं आणि गड्डे, त्यावर हळदीच्याच पाल्याचं झाकण. त्या वाफेचा मातकट, कच्चा वास चार-चार दिवस अंगाला राहायचा. तात्या, म्हणजे माझे आजोबा, मधूनच एक हळकुंड बाहेर काढून त्यात काडी टोचून बघायचे. काडी सहज आरपार गेली की हळद शिजली. समोर अण्णा, तात्यांचे धाकटे भाऊ, जाळ सारत बसलेले. तात्या संयुक्त महाराष्ट्र समितीवाले, अण्णा पक्के काँग्रेसचे. रात्र जागून काढायची असायची, आणि दोघे ती वादावर काढायचे.

विषय कुठलाही चाले. मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य जाऊन पंधरा वर्षं झाली तरी त्याचा हिशेब व्हायचा. सीलिंगचा कायदा, कारखान्याची निवडणूक, धोमच्या धरणात गेलेल्या जमिनी. आवाज चढायचे. एकदा अण्णांनी हातातलं लाकूड असं आदळलं की आम्ही पोरं पोत्यांमागे दडलो. पण अण्णा तावातावाने उत्तर द्यायला लागले की तात्या हात वर करत. ‘थांब. आधी माझं सांग.’ म्हणजे, मी आत्ता काय म्हणालो ते तू तुझ्या तोंडाने सांग. मी मान हलवली की मग तुझं बोल. अण्णा सांगायचे. तात्या म्हणायचे, ‘अर्धंच सांगितलंस. कुळाचा मुद्दा गाळलास.’ की पुन्हा पहिल्यापासून. तात्यांची पाळी आली की अण्णा त्यांना याच कात्रीत धरायचे. कधीकधी एकमेकांचं नीट सांगण्यातच तांबडं फुटायचं आणि कोण बरोबर हे तसंच राहायचं.

हा नियम तात्यांनी कुठून आणला, हे मला बरंच उशिरा कळलं. त्यांची शाळा सातवीत संपली. लहानपणी ते वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत दूध घालायला जात. नारायणशास्त्री मराठे, पुढचे केवलानंद सरस्वती, यांची ती पाठशाळा. विनोबा १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन शिकायला आले ते तिथेच, आणि लक्ष्मणशास्त्री जोशी तर्कतीर्थ झाले तेही तिथलेच विद्यार्थी. तात्या दुधाची चरवी रिकामी होईपर्यंत ओसरीवर थांबायचे आणि आतला शास्त्रार्थ ऐकायचे. संस्कृत त्यांना कळत नव्हतं. पण एक माणूस बराच वेळ बोलतो, मग दुसरा पहिल्याचंच म्हणणं पुन्हा मांडतो आणि पहिला मान डोलावतो, एवढं त्यांनी पाहिलं होतं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात, हे कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. मीमांसेत आणि न्यायात हा शिरस्ताच आहे. खंडन करायचं तर आधी समोरच्याची बाजू त्यालाही मान्य व्हावी इतकी चोख मांडायची. ती लेचीपेची करून मांडली तर खोड मांडणाऱ्याच्या विद्येची. तर्कतीर्थ अस्पृश्यतेविरुद्ध सनातनी पंडितांशी भांडले ते याच हत्याराने. त्यांचे ग्रंथ त्यांच्यापेक्षा नीट वाचून. गांधीजी १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात या प्रश्नाला भिडले तेव्हा धर्मशास्त्राच्या बाजूने त्यांच्या मदतीला उभे राहिले ते हेच वाईचे शास्त्रीबुवा.

आता संध्याकाळी टीव्ही लावला की आठ चौकटींत आठ तोंडं एकाच वेळी हलत असतात. मी थकलोय त्याला. राजकारणाचा मला कंटाळा नाही. आमच्या घरात दूधभाकरीसारखं ते जेवणात होतं. थकवा येतो तो, समोरचा काय म्हणतो हे माहीत असणारा माणूस दिवसदिवस भेटत नाही, याचा.

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा सांगितली गेलेली गोष्ट ३० नोव्हेंबर १९५७ची. त्या दिवशी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंच्या हातून व्हायचं होतं. राज्य द्वैभाषिक, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. मुंबईसह महाराष्ट्र नाकारणारे पंतप्रधान महाराजांच्या पुतळ्याला हार घालणार, आणि ताफा जाणार वाईवरून, पसरणीचा घाट चढून. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, आमच्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर. संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांचा मोर्चा पुकारला होता.

आजी ही गोष्ट सांगायची ती भाकरीपासून. ‘एकाच तव्यावरच्या भाकरी, ठेचाबी एकाच पाट्यावरचा. फडकी दोन. तुझ्या आज्याच्या फडक्यात दोन जास्त बांधल्या. त्याला दिवसभर रस्त्यावर उभं ऱ्हायाचं हुतं. अण्णाला काय, मांडवात चा मिळायचा.’ तात्यांचं निशाण आजीच्या जुन्या छत्रीच्या कापडाचं. काड्या काढून टाकल्या तरी शिवणीची भोकं त्यात दिसत होती, असं ती सांगायची. ते कापड पुढे कितीतरी वर्षं आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत होतं. मी हातात घेऊन बघितलंय. काळा रंग उडून चॉकलेटी झाला होता, आणि भोकं खरंच होती.

त्या दिवशी मुंबईचे आजोबाही, म्हणजे आईचे वडील, रजा टाकून आले होते. ते जावळीचे, लालबागला गिरणीत साच्यावर. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा ते त्या मोर्चात होते. ओळखीचा एक माणूस त्यांनी पडताना पाहिला. नुसतं तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजींचं नाव निघालं तरी ते पानावरून उठायचे. पण त्यांच्याकडे दुसरीही एक गोष्ट होती आणि ती त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली. जानेवारी १९५६ला मुंबईत दंगल उसळली तेव्हा त्यांच्या चाळीखालच्या गुजराती दुकानदाराची फळकुटं लोकांनी तोडली. त्याच दुकानदाराने संपाच्या महिन्यांत त्यांना ज्वारी उधार दिली होती. आजोबा जिन्यात उभे होते. खाली उतरले नाहीत. ‘मी दगड मारला नाही, पण थांबवलाबी नाही,’ म्हणाले आणि नंतर बराच वेळ पायाचा अंगठा चोळत बसले.

असे लोक त्या घाटात उभे होते. ज्यांची माणसं गोळीने गेली होती ते, आणि ज्यांच्या हातून काही घडून गेलं होतं तेही. समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी. एसेमचा आग्रह एकच होता, की निदर्शनं कडकडीत व्हावीत आणि एक खडाही उचलला जाऊ नये. स्वयंसेवक रस्त्याच्या कडेने फिरून फिरून तेच बजावत होते. तात्या सांगायचे, ‘घोषणा इतक्या झाल्या की घसा दोन दिवस बसला. पण हात निशाणावर.’ ताफा आला, घोषणांच्या त्या भिंतीतून वर गेला आणि कुणाला ओरखडा उठला नाही.

अण्णा त्याआधीच काँग्रेसच्या कार्यकर्त्यांबरोबर एस.टी.ने गडाकडे निघाले होते. एका वळणावर गाडी मंदावली. तात्या कडेला उभे, निशाण खांद्यावर. अण्णांना खिडकीतून ते दिसले. ते ओरडले, ‘दादा, पाणी आहे का?’ तात्यांनी मान हलवली, नाही. अण्णांनी आपला फिरकीचा तांब्या खिडकीतून खाली दिला. आजूबाजूचे चार-पाच समितीवाले त्याच तांब्यातून प्यायले. संध्याकाळी तांब्या तात्यांनीच घरी आणला. अण्णांनी तो घेतला, विसळला, आणि मग दोघांचं भांडण सुरू झालं ते मध्यरात्रीपर्यंत. अण्णांचं म्हणणं, महाराजांच्या पुतळ्याच्या दिवशी काळं निशाण हा महाराजांचाच अपमान. तात्यांनी ते आधी अण्णांच्या शब्दांत म्हणून दाखवलं की नाही, हे आजीला आठवत नव्हतं. ‘दोघंबी दमली हुती,’ एवढंच म्हणायची.

तो काळ सोवळा नव्हता. त्याच वर्षीच्या निवडणुकीत सातारा जिल्ह्याने लोकसभेवर क्रांतिसिंह नाना पाटलांना पाठवलं, आणि यशवंतराव कराडला थोडक्या मतांनी वाचले. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ला निघाला तेव्हापासून त्यातली भाषा तापल्या सळईसारखी होती. अण्णा तो अंक घरात आणू द्यायचे नाहीत, तात्या मळ्यात लपवून वाचायचे. पण मे १९६४मध्ये नेहरू गेले आणि त्याच अत्र्यांनी, त्याच ‘मराठा’तून, दिवसामागून दिवस त्यांच्यावर लिहिलं. पुढे ‘सूर्यास्त’ नावाने त्याचं पुस्तक झालं. त्या दिवसांत अण्णा सकाळी स्वतः स्टँडवर जाऊन ‘मराठा’ विकत आणायचे आणि तात्यांना वाचून दाखवायचे. तात्यांना वाचता येत होतं, तरीही. त्याच्या आदल्या वर्षी, १९६३ला, चीनच्या युद्धाने दिल्लीत संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव नाशिकहून लोकसभेला उभे राहिले, तर विरोधकांनी उमेदवारच दिला नाही. ज्यांनी सहा वर्षांपूर्वी त्यांच्या कारभाराला काळी निशाणं दाखवली होती त्यांनीच.

पण सगळेच वाद असे निवळत नाहीत. आजीच्या माहेरचं गाव कराडकडचं, टेंभूजवळ. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर टेंभूचे, जन्म १८५६चा. त्यामुळे ती त्यांच्याविषयी भावकीतल्या माणसासारखी बोलायची, ‘आमच्या टेंभूचा’. तिने ऐकलेलं सगळं माजघरातलं, बायकांच्या तोंडचं, आणि त्याचा शेवट नेहमी एकच. जित्या माणसाची तिरडी काढली पुण्यात. संमतिवयाच्या कायद्यावरच्या वादाच्या काळात आगरकरांची प्रेतयात्रा काढली गेली, ते जिवंत असताना. ही नोंदलेली हकिकत आहे. आगरकर आणि टिळक म्हणजे एकाच ध्यासाने उठलेले दोघे. न्यू इंग्लिश स्कूल १८८०, ‘केसरी’ १८८१, आणि १८८२ला कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात दोघांनाही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. तिथे रात्री त्यांचे वाद इतके रंगत की पहारेकऱ्यांना दटावावं लागे. पुढे आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ला ‘सुधारक’ काढला, आणि दोन मित्रांत अशी काही जुंपली की दोन्ही पत्रांतले ते अंक आजही वाचवत नाहीत. जून १८९५मध्ये आगरकर गेले, चाळिशीसुद्धा न गाठता. ‘केसरी’त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

मला त्या मृत्युलेखाने समाधान होत नाही. तुरुंगातल्या १०१ रात्री ज्याच्याशी जोरजोरात वाद घातला, त्याच्याशी पुढची सात-आठ वर्षं फक्त छापील वाद झाला. तोंडाने तोंडाशी बोलणं जिथे थांबलं तिथेच ती तिरडी निघायला जागा झाली, असं मला राहून राहून वाटतं.

आणि आजीचाच दुसरा एक आक्षेप मी विसरू शकत नाही. मी कॉलेजात असताना तात्या-अण्णांच्या वादांचं कौतुक करत होतो. ती तांदूळ निवडताना मान वर न करता म्हणाली, ‘त्या काहिलीपाशी मला कवा कुणी इचारलं?’ खरं होतं. ती तिथे चहा घेऊन यायची आणि जायची. गावच्या पारावर बसणाऱ्यांतही बाई नसायची, आणि आमच्या मळ्यावर राबणारा महारवाड्यातला एक वयस्क माणूस पाराच्या दगडाला हात न लावता लांब उकिडवा बसून ऐकायचा. त्याचं म्हणणं कुणी आधी सांगितलं नाही आणि नंतरही नाही. प्रतापगडाचा डोंगर उतरला की पोलादपूर आणि पुढे महाड. तिथे १९२७च्या मार्चमध्ये तळ्याचं पाणी प्यायलेल्या, अस्पृश्य ठरवलेल्या लोकांना मार खावा लागला. दोन आठवड्यांत बाबासाहेबांचं ‘बहिष्कृत भारत’ निघालं आणि त्यात त्यांनी विरोधकांच्या लेखांना मुद्द्यागणिक उत्तरं दिली. ज्यांना तळ्याला शिवू दिलं नव्हतं त्यांच्याकडून शास्त्रार्थाची शिस्त पाळली जात होती, आणि ज्यांनी अडवलं होतं त्यांच्या हातात काठ्या होत्या. म्हणून सभ्यतेची मागणी मी जपून करतो. ती वरून खाली केली की तिचा अर्थ ‘गप्प बस’ असा होतो, हे त्या उकिडव्या बसलेल्या माणसाने मला न बोलता शिकवलंय.

अण्णांची एक गोष्ट सांगतो. आणीबाणीचं पहिलं वर्ष. तात्या एकच प्रश्न विचारत, ‘तुझे यशवंतराव दिल्लीत गप्प का?’ आणि अण्णा खाली बघत राहत. त्या डिसेंबरात, १९७५ला, कराडला साहित्य संमेलन होतं. अध्यक्ष दुर्गा भागवत. यशवंतरावांचंच गाव, आणि ते स्वतः तिथे हजर. अण्णा मंडपात कार्यकर्ते म्हणून पाण्याची व्यवस्था बघायला गेले होते. दुर्गाबाईंनी विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, सरकारच्या डोळ्यांदेखत. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. अण्णा घरी आले ते रात्रीचे. मी नऊ वर्षांचा होतो आणि जागा होतो. तात्यांनी विचारलं, ‘काय झालं?’ अण्णांनी दुर्गाबाईंचं सगळं भाषण, आठवेल तेवढं, सांगितलं. मुद्दा न गाळता. मग टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, ‘मी उभा राहिलो, दादा.’ तात्या काहीच बोलले नाहीत. जिंकल्यासारखं तर मुळीच नाही. आजीला हाक मारून त्यांनी अण्णांचं ताट वाढायला सांगितलं.

त्या दोघांची नातवंडं आम्ही. वाडा मधोमध भिंत घालून वाटला गेला तरी भिंत समाईक आहे. पलीकडे भाऊ राहतो, अण्णांचा नातू, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. २०२२ आणि २०२३ला राज्यातले दोन पक्ष फुटले तेव्हापासून आमच्यात कुरबुर होतीच. २३ नोव्हेंबर २०२४ला, विधानसभेच्या मतमोजणीच्या रात्री, त्याच्या अंगणात मी त्याला म्हणालो, ‘तुमच्या घरात सत्तेच्या पायरीवर बसायची सवय आजोबांपासूनच आहे.’ अण्णांबद्दल म्हणालो मी हे. खिडकीतून तांब्या देणाऱ्या अण्णांबद्दल. भाऊ एवढंच म्हणाला, ‘ऊठ.’

त्यानंतर त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका पोस्टाने आली. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणारी आम्ही माणसं, आणि पत्रिका पोस्टाने. पोस्टमनने तिकडच्या दारासमोरून येऊन माझ्या हातात दिली. पाकिटावरचा पत्ता भाऊच्याच अक्षरात होता, पिन कोडासकट. मी लग्नाला गेलो, अक्षता टाकल्या आणि न जेवता परतलो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, ‘त्या रात्री भाऊजी नक्की काय म्हणत होते?’ मी सांगायला लागलो आणि मला सांगता येईना. माझी सगळी वाक्यं तोंडपाठ होती. त्याचं एक धड आठवत नव्हतं.

ते आठवायला मला बरेच महिने लागले. तुकड्यातुकड्याने आलं. आमदार सत्तेत असला तर वरच्या वाडीची उपसा योजना मार्गी लागते. पक्ष कुठला हे बघायची चैन पाणी असलेल्यांना परवडते, आणि तुझा मळा कालव्यावर आहे. तो असं काहीतरी म्हणाला होता. हे मला पटत नाही, अजूनही. लोकांनी एका चिन्हावर दिलेलं मत दुसरीकडे नेऊन ठेवायचा हक्क पाण्याच्या एका योजनेने मिळत नाही, असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही. पण त्या रात्री मी याला उत्तर दिलंच नव्हतं. मी त्याच्या आजोबांना शिवी दिली होती.

या हंगामात हळद शिजायला लागली तसा मी सव्वा वर्षाने त्याच्या मळ्यात गेलो. आता काहिल राहिली नाही, वाफेचा बॉयलर आलाय. दोन बिहारी पोरं ड्रम भरत होती. वास मात्र तोच होता. भाऊने माझ्याकडे पाहिलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. मी म्हणालो, ‘अण्णांबद्दल जे बोललो ते चुकलं. आणि तू त्या रात्री काय म्हणालास ते सांगायला आलोय. चुकलं तर अडव.’

तो काही बोलला नाही. मी उभ्याउभ्या सांगितलं, उपसा योजना, आमदार, माझा कालव्यावरचा मळा. त्याने एक हळकुंड काढलं, काडी टोचून पाहिली, पोरांना खूण केली. वाफ सुटली आणि क्षणभर दोघांना एकमेकांचं तोंड दिसेना.

‘वाडीतली चार घरं पाण्यावाचून जमीन विकून पुण्याला गेली, ते गाळलंस,’ वाफेतून आवाज आला. मग त्याने एक रिकामं क्रेट पायाने माझ्याकडे सरकवलं. मी बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.